रेस्ट्रिकच्या गोठ्यातली टिंबं

प्राध्यापक ऑड्सली बोट चाटून पान उलटत. हिल्डा मेटकाफला त्याची शिसारी यायची. पण बोलीपाहणीच्या समितीत वह्या तिच्या असल्या तरी बोट त्यांचं होतं.

तीन वर्षं ती यॉर्कशरच्या खेड्यांत म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे उच्चार टिपत हिंडली होती. आज एवढंच ठरायचं होतं: स्वर किंचित घोगरा निघाला, तर अक्षराखाली खूण कोणती, आजवरचं टिंब की नवी आकडी? त्या खुणेनिशी तिच्या बावीस वह्या छापल्या जाणार होत्या.

"आकडी घ्या, सर. गोठ्यात बसून लिहिलेलं टिंब नंतर वाचता येत नाही."

"मेटकाफबाई, टिंब कसं स्वच्छ दिसतं!" ऑड्सलींनी बोट चाटलं आणि तिचीच वही उघडली. "हे पान मी चाळीसदा वाचलंय. एकट्या रेस्ट्रिकच्या तोंडी एकवीस घोगरे स्वर! उभ्या इंग्लंडात असा माणूस नाही. माझा लेखही छापायला गेला."

हिल्डाने पान ओढून घेतलं. तिने टिंबं दिली होती दोन. ऑगस्टचा उकाडा, शेणाचा वास, आणि दूध काढता काढता म्हातारा रेस्ट्रिक म्हणाला होता, "गायीला काय म्हणतात हे विचारायला तुला पगार देतात होय गं पोरी? मग माश्यांना का नाही देत? त्यापण दिवसभर इथंच असतात."

तिने एका टिंबावर नख घासलं. ते निघालं. शेजारचंही निघालं. शाई नखाने निघत नाही.

"ही माश्यांची घाण आहे, सर. एकोणीस ठिकाणी."

ऑड्सलींचं बोट ओठापाशीच राहिलं. समितीतल्या कोणीतरी बिस्किटांची बशी लांब सरकवली. मग आकडी एकमताने मंजूर झाली. कारण लिहिलं गेलं, 'सुवाच्यता'.

"आणि लेख?" हिल्डाने विचारलं.

ऑड्सली रुमालाने जीभ पुसत होते. "छापखान्याला कळवतो. टिंबांच्या जागी आकड्या घाला म्हणावं."

"एकवीस?"

"आता आकडा कुठे बदलत बसायचा, बाई? आभारात तुमचं नाव आहेच की."

"ते काढा," हिल्डा म्हणाली, "आणि माश्यांचं घाला."

बावीस वह्या तिने दोन खेपांत खाली नेल्या. दार उघडून धरायला कोणी उठलं नाही. सगळे हात धुवायला गेले होते.