आमटीची चव

कर्जत तालुक्यात हनुमंत आचारी डाळींच्या झणझणीत शिपी आमटीसाठी नावाजलेला होता. पण चार वर्षांपासून त्याच्या छातीत जळजळायचं, आंबट पाणी घशाशी यायचं. गोळ्या बदलून झाल्या, नगरला दोनदा दुर्बिणीतून तपासणी झाली, चहा सुटला, तरी फरक पडेना.

एका लग्नात आमटी चाखताच त्याला असं आंबट आलं, की तो छाती धरून खालीच बसला. मदतीला आलेल्या बायकोला, जयाला, त्याने पळी दिली.

"तूच चव बघ."

जयाने चाखलं. "लई तिखट झालीय."

"नेहमीसारखीच हाय की."

"व्हय, वरीसभर अशीच करताय तुमी."

हनुमंताला आधी राग आला. मग त्याच्या ध्यानात आलं, की कडवट तोंडाला चव लागत नव्हती, म्हणून तोच मसाला वाढवत गेला होता.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी आधीच दुखन्यानं कावलेलं हुता."

तो उठला आणि आमटीत डाळीचं गरम पाणी ओतू लागला. जया चाखत राहिली. तिने मान डोलावली तेव्हाच तो थांबला.

पंगतीत लोकांनी आमटी मागून मागून घेतली. हनुमंताने दहीभात खाल्ला. जळजळ काही थांबली नाही, पण त्या दिवसापासून चव जयाच बघते.