नाव ठरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब मिळावी म्हणून ज्या पेटीत ठेवतात, ती. तुमच्यापैकी काही जण माझ्या पोटात राहूनही गेले असतील. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा तुमचं कशाकडे फारसं लक्ष नव्हतं.

सध्या माझा मुक्काम हॉस्पिटलच्या जिन्याखाली आहे. माझ्यात तीन छत्र्या, एक मोडका टेबलफॅन आणि कोणाचा तरी एकच बूट आहे. सगळ्यांच्या तब्येती स्थिर आहेत.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे बेकरीची काचेची कपाटंही बनत. माझ्या शेजारचं कपाट पावाच्या दुकानात गेलं, मी हॉस्पिटलात आले. काम दोघांचं एकच, आतला जीव गार पडू द्यायचा नाही. पावाला जीव नसतो हे मला नंतर कळलं. मला दोन्ही अंगांना दोन-दोन गोल खिडक्या होत्या. त्यांतून हात आत जायचा, पण गारवा जायचा नाही. आणि एक भोंगा होता. तो खुट्ट झालं तरी बोंबलायचा, म्हणून वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मला सासूबाई म्हणायच्या. वॉर्डात येणारी प्रत्येक खरी सासू त्यामुळे एकदा तरी दचकायची.

ती माझी उमेदीची वर्षं होती. बाळं वाढायची, घरी जायची. एका वडिलांनी तर जाताना माझ्या खिडकीत हात घालून हस्तांदोलन केलं. बाळ घरी गेलं की सफाईवाल्या मावशी मला बाहेरून, आतून, खसाखसा पुसायच्या. काही बाळं घरी जात नसत. तेव्हा मावशींना कोणी हाक मारायचं नाही. मोठ्या सिस्टर स्वतः फडकं घेऊन यायच्या आणि आतली काच सावकाश पुसायच्या. कोण पुसतंय यावरून मला कळायचं.

मग ती मुलगी आली. तिची मांडी सिस्टरच्या अंगठ्याएवढी होती आणि सगळ्या अंगावर सुरकुत्या. सिस्टरनी तिला उचलून माझ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर खारीक." माझ्या कपाळावर कार्ड लावलं. त्यावर लिहिलं होतं, 'मुलगी'.

डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, रोज खिडकीतून हात घाला, अंगाला लावा आणि नावाने हाक मारा. रोज तोच आवाज, तोच शब्द. बाळाला ओळख पटते.

इथेच घोडं अडलं. नावं दोन होती. आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, स्वतःच्या आईचं जुनं नाव हवं होतं. तिचा मुद्दा साधा होता. तिची आई ते नाव घेऊन दोनदा विहिरीत पडली आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन स्वयंपाकाला लागली. नाव टिकाऊ आहे, हे सिद्ध झालेलं होतं. बाळाच्या आईला मात्र तिने स्वतः जुळवलेलं, जगात कोणाचंच नसलेलं नाव हवं होतं.

"वापरलेलं नको," ती म्हणाली. "टोपी हॉस्पिटलची, दुपटं हॉस्पिटलचं, ही पेटीसुद्धा किती जणांची झालेली. नाव तरी तिला कोरं असू दे."

मला जरा लागलं. पण मुद्दा बरोबर होता.

बाळाचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देण्यात त्यांचा हातखंडा होता, स्वतः मात्र पहिल्यांदाच अडकले होते. त्यांनी तह घडवून आणला. एकमत होईपर्यंत वॉर्डात कोणी कुठलंच नाव उच्चारायचं नाही. आधी कानावर पडेल तेच चिकटणार, मग दुसऱ्यावर अन्याय. दोघींना पटलं. तेव्हापासून त्या 'जुनं' आणि 'नवं' एवढंच म्हणायच्या. एकदा आई लाडाने काहीतरी पुटपुटली, तर आजीने हरकत घेतली की त्याची सुरुवात 'नव्या'सारखी वाटते. मग लाडाची नावंही बंद झाली.

माणसं प्रामाणिक होती, मित्रांनो. त्यांनी तह अक्षरशः पाळला. रोज भेटीच्या वेळी तिघं यायची, आळीपाळीने हात आत घालायची आणि ओठ घट्ट मिटून उभी राहायची. न राहवून बोललीच तर माझ्याशी बोलायची. "पेटी गरम आहे ना गं?" आजी विचारायची. इतकी विचारपूस माझी आयुष्यात कोणी केली नव्हती. मला ती नको होती.

मोठ्या सिस्टरवर तहाचं बंधन नव्हतं. भेटीची वेळ संपली की त्या नळीने दूध द्यायला यायच्या आणि म्हणायच्या, "काय खारके, आज काय म्हणणं?" आणि ती मान वळवायची. एवढीशी, पेन्सिलीएवढी मान. मी काच आहे, माझ्यातून सगळं दिसतं. सिस्टरनी त्यांना सांगून पाहिलं, "अहो, काहीतरी म्हणा. दगड म्हणा, धोंडा म्हणा." आजी म्हणाली, "उद्या ठरतंयच."

खरोखरच ठरत आलं होतं. कागदावर एक आणि घरात दुसरं, असा तोडगा वडिलांनी काढला होता. कागदावर कुठलं, एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा भोंगा वाजला. त्या वेळी तो उगीच नव्हता. सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले, जे करायचं ते सगळं केलं. फुप्फुसं कच्ची होती. हाका मारून फुप्फुसं पिकत नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. त्या घरातल्या कोणाचा त्यात दोष नव्हता.

घरचे आले. थोड्या वेळाने कोणीतरी हळूच विचारलं, दाखल्यावर नाव काय घालायचं?

आजी सुनेला म्हणाली, "तुझंच घाल. नवं. एक तरी कोरं काहीतरी घेऊन जाऊ दे तिला."

"नको, आई. जुनंच घाला," सून म्हणाली. "एकटीच जातेय. पणजीचं नाव असलं, तर तिकडे कोणी विचारील तरी."

आणि मग ते पुन्हा सुरू झालं. तुझंच, नाही तुमचंच. तोच आवाज, तोच हट्ट, फक्त बाजू बदललेल्या. माझा भोंगा मध्येच कण्हला, आणि सिस्टर सवयीने म्हणाल्या, "गप्प बसा, सासूबाई." आजी खरंच गप्प बसली. सिस्टरना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या शांततेत आईने त्यांना विचारलं, "सिस्टर, ती कशाला वळायची?"

सिस्टर आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "खारीक. मी सगळ्यांनाच काहीतरी म्हणते हो, मनावर घेऊ नका."

आईने माझ्या खिडकीतून हात आत घातला. "खारके," ती म्हणाली. मग शेजारच्या खिडकीतून आजीचा हात आला. वडील वळसा घालून पलीकडे गेले. तिघांनी आळीपाळीने हाक मारली, शब्द चुकू नये अशी जपून. माझी ऊब चालूच होती. बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं.

दाखल्यावर काय लिहिलं, ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी मोठ्या सिस्टर फडकं घेऊन आल्या.

तिच्यानंतर माझ्यात कोणाला ठेवलं नाही, नव्या पेट्या आल्या. त्यांचा भोंगा म्हणे गाणं म्हणतो. मला जिन्याखाली ढकललं. माझं रबर वाळलंय, एक खिडकी निखळलीय, आणि अशा वेळी जुन्या वस्तूंनी तुमच्याकडे मागायचं असतं की आमची निगा राखा. राखलीत तर बरंच होईल. पण मला मागायचंय ते दुसरंच. तुमच्या घरी कोणी नवं आलं, तर नाव ठरेपर्यंत थांबू नका. सुंदर नाव, जुनं नाव, कोरं नाव, ठरवा सावकाश. तोवर काहीही म्हणा, पण म्हणा.

माझ्या कपाळावरचं कार्ड अजून आहे. छत्री ठेवायला येणारी माणसं 'मुलगी' असं वाचतात आणि छत्री आत टाकतात. मी प्रत्येक छत्रीला काहीतरी म्हणते. त्या एकट्या बुटालाही म्हणते. तो वळत नाही. तरी म्हणते.