घडवणारीचं नाव

"हा अजून ओलाच आहे," कांताबाई म्हणाल्या आणि गालाला लावलेला मणी त्यांनी परत सुपात ठेवला.

रविवारची सकाळ, कात्रजच्या त्या तिमजली इमारतीची गच्ची, आणि कांताबाईंचं चहा झाल्यापासून हेच चाललेलं. एक मणी उचलायचा, डोळे मिटून उजव्या गालाला टेकवायचा आणि ठेवून द्यायचा. हात लबाड असतो, असं त्यांचं म्हणणं. भांडी घासून, फरशा पुसून त्याची कातडी निबर होते, त्याला सगळंच वाळलेलं वाटतं. गाल खरं सांगतो. गार लागलं की आत पाणी आहे. तसाच आगीत घातला तर मणी फुटतो, आणि एकटा जात नाही, शेजारच्यालाही घेऊन जातो.

शर्मिला कठड्याला टेकून पेपर वाचत होती. कचरूभाऊ, तिचे वडील, उन्हात खुर्ची टाकून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू त्यांनी बिघडल्याशिवाय राहू दिली नव्हती, असं कांताबाई सांगत.

"शुक्रवारी उद्घाटन आहे," शर्मिला म्हणाली. "तुला यावं लागेल, आई."

"येईन की. पण तुझी आई म्हणून नाही. काम केलेली बाई म्हणून."

"आणि मी काय करायचं? ओळखत नाही म्हणायचं?"

"म्हण, कात्रजच्या बसमध्ये कधीतरी दिसतात."

कचरूभाऊ भांड्यातून मान वर न काढता हसले.

ही गंमत सहा-सात महिन्यांपूर्वी सुरू झाली होती, आणि गंमत म्हणावी इतकी ती हलकीही नव्हती. महिला बचत गटांच्या प्रदर्शनात पूर्णिमा नावाची एक तरुण इंटिरियर डिझायनर कांताबाईंच्या टेबलापाशी थबकली. मातीच्या कर्णफुलांपासून दाराच्या तोरणांपर्यंत सगळं तिनं उचलून उचलून पाहिलं आणि विचारलं, असंच काम भिंतभर कराल का? खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीची नवी इमारत उभी राहत होती, तिच्या दर्शनी दालनासाठी. कांताबाई हो म्हणाल्या. कंपनीचं नाव त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, आणि शर्मिलाच्या हातातला घास हातातच राहिला. ती तिथंच नोकरीला होती.

तेव्हाच कांताबाईंनी नियम घालून दिला. ऑफिसात अवाक्षर काढायचं नाही. पूर्णिमालाही कळू द्यायचं नाही. "आपल्या माणसाला काही मिळालं की लोक आधी विचारतात, कसं मिळालं. काय केलंय ते नंतर बघतात. पोरीच्या वशिल्यानं मिळालं, एवढं म्हटलं की झालं, मग भिंतीकडं कोण बघतंय? आणि उलटंही म्हणतील. तुझ्या नोकरीलाही माझं बोट लागायला नको."

शर्मिलानं वाद घातला नाही. या बोलण्यामागचा सगळा रस्ता तिला माहीत होता. जालन्याकडून दुष्काळाच्या साली आलेलं जोडपं, पत्र्याची खोली, आणि महापालिकेच्या बालवाडीत सेविका म्हणून आईची सगळी हयात. पोरांच्या हाती मातीचे गोळे द्यायचे, त्यांनी केलेले साप आणि लाडू वाळत घालायचे, हे त्या नोकरीतलं एक काम. पोरं घरी गेली की उरलेल्या मातीला कांताबाई हात घालत.

पण त्या मातीला आकार सापडला तो कार्ल्याच्या लेण्यांत. शर्मिला तेव्हा चौथीत असेल. विहारातल्या मंडळींची सहल होती. वंदना झाली, डबे सुटले, आणि कांताबाई जेवायच्या सोडून दगडातल्या एका बाईसमोर उभ्या राहिल्या. जाडजूड वाळे, कमरेला पदरांवर पदर, कानांत ओंजळभर दागिने, आणि तरी ती बाई अशी उभी, की जणू अंगावर काहीच नाही. "एवढं ओझं घेऊन हसतीये बघ," त्या लेकीला म्हणाल्या. बरोबर आलेल्या एका वयस्कर गृहस्थांना तिथली जुनी अक्षरं थोडी वाचता येत होती. ते एकेका खांबापाशी जाऊन सांगत होते, हा खांब अमुक गावच्या तमक्याचं दान. गाव, माणूस, त्याचा धंदा. राजेरजवाडेच होते असं नाही, साधी धंदेवाली माणसंही होती. कांताबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "देणाऱ्यांची नावं झाली. घडवणाऱ्यांची?"

गृहस्थ म्हणाले, एका सुताराचं आहे म्हणतात, दारापाशी. बाकीच्यांचं नाही.

"एकाचं तरी आहे ना," कांताबाई म्हणाल्या आणि मग कुठं जेवायला बसल्या.

त्यानंतर घरात मातीचे दागिने होऊ लागले. दगडातल्या बाईचं कर्णफूल कांताबाईंच्या हातून उतरताना मात्र निराळंच व्हायचं. त्यात गावाकडच्या बायांचं गोंदण यायचं, जात्याच्या पाळीवरची नक्षी यायची, बालवाडीतल्या पोरांनी बोटानं उमटवलेले ठिपकेसुद्धा यायचे. खराडीच्या भिंतीसाठी त्यांनी लेण्यातल्यासारखी कमान केली आणि तिच्याखाली माणसाच्या उंचीची एक बाई उभी केली. तुकड्यातुकड्यांनी घडवलेली, ओळखीच्या कुंभाराच्या भट्टीत भाजलेली. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मनगटावर पाटल्यांच्या मध्ये एक घड्याळ होतं.

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईला घड्याळ?" कचरूभाऊंनी विचारलं होतं.

"उशीर तेव्हाही होत असेल."

पूर्णिमा घड्याळ पाहून आधी गोंधळली, मग इतकी खूश झाली की तिनं दालनातले दिवे नेमके त्या मनगटावर पडतील असे लावून घेतले. सगळं काम भिंतीवर चढलं. फक्त बाईचा गळा रिकामा राहिला. कांताबाईंनी दोन हार करून पाहिले आणि दोन्ही मोडले. फार नटवे झाले, म्हणाल्या. शेवटी त्यांनी बोराएवढे साधे मणी वळायला घेतले. त्यांच्या आईनं नदीकाठची माती चुलीत भाजून लेकींना केले होते, तसे. सोनं त्या घरानं पाहिलं नव्हतं, पण जत्रेला जाताना एकाही लेकीचा गळा मोकळा नसायचा.

ते मणी आता सुपात होते.

"किती दिवस गप्प बसू गं?" शर्मिलानं पेपर बाजूला ठेवला. "रोज लोक माझ्यासमोर उभे राहून बोलतात. परवा ऑफिसातला रोहन म्हणाला, हे राजस्थानहून मागवलंय, हंड्रेड परसेंट. मी मान हलवली."

"राजस्थान चांगलंच आहे की."

"आई."

कांताबाईंनी सूप बाजूला सारलं. हातांची माती पदराला पुसली आणि लेकीकडे नीट पाहिलं. "पुरं होऊ दे. माळ गळ्यात पडू दे, चार लोकांना बघू दे, बरं-वाईट बोलू दे. मग सांग तुला सांगायचं तर. अर्ध्या कामाला नाव नसतं, शर्मे."

एवढं बोलून त्या खाली भाकरी टाकायला गेल्या. रविवार नेहमीसारखाच सरला.

सोमवारी दुपारी गोठ्यावरून गोवऱ्या आणायला म्हणून निघालेल्या कांताबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकल्या, त्या उठल्या नाहीत. शेजारच्या मालनबाईंनी फोन केला. खराडीहून कात्रजपर्यंत पोचायला शर्मिलाला जो वेळ लागला, त्यात सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. सगळेच तसं म्हणत होते, आणि तिला ते खरं वाटावं असं मनापासून वाटत होतं.

माणसं आली, वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली गर्दी ओसरली. बुधवारी आईच्या मोबाइलवर पूर्णिमाचा फोन आला. तिला काहीच माहीत नव्हतं. शर्मिलानं आपलं नाव न सांगता बातमी दिली. मग पूर्णिमा चाचरत म्हणाली, की उद्घाटन तिनं आठवडाभर पुढे ढकलून घेतलं असतं, पण कंपनीचे परदेशातले साहेब शुक्रवारीच येताहेत. गळा तसाच राहू द्यावा, किंवा मिळतीजुळती एखादी माळ बाजारातून आणून लावावी. तुम्ही म्हणाल तसं.

"बाजारातली नको," शर्मिला म्हणाली. "मणी झालेत. भाजायचे राहिलेत फक्त."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिनं आयुष्यात कधी काही भाजलेलं नव्हतं. आईनं शिकवलं नव्हतं असं नाही. पुस्तक घेऊन गच्चीत बसायचं आणि आईचे हात बघायचे, एवढंच तिला पुरत आलं होतं.

सूप गच्चीवरच्या पत्र्याखाली जिथल्या तिथं होतं. मालनबाईंनी त्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. शर्मिलानं एक मणी उचलून गालाला लावला. गार लागला. दुसराही गार. सगळे गार. कचरूभाऊ गोवऱ्यांचं पोतं घेऊन वर आले तेव्हा ती सूप मांडीवर घेऊन बसली होती.

"ओले आहेत, बाबा."

त्यांनी एक मणी घेतला, दाढीच्या खुंटांवरून फिरवला. "मला नाही गार लागत."

तेव्हा तिला कळलं. तिचाच गाल तापलेला होता. तीन दिवसांच्या रडण्यानं त्याला सगळंच गार लागत होतं. घरात खरं सांगणारा एकच गाल होता, आणि तो गेला होता.

"आज नको," कचरूभाऊ म्हणाले. "उद्या दिवसभर उन्हात राहू दे. तुझी आई घाई करायची नाही."

"परवा शुक्रवार आहे."

"मग उद्या संध्याकाळी पेटवू. फुटले तर फुटले, पण बाजारातलं नको."

गुरुवारी सगळ्या दिवसात शर्मिलानं सुपाला सावली लागू दिली नाही. ऊन सरकेल तसं सूप सरकवत गेली. संध्याकाळी गार पाण्यानं तोंड धुतलं, पुसलं, थोडी थांबली, आणि मग एकेक मणी गालाला लावून पाहिला. पाच मणी तिनं वेगळे काढले. खात्री नव्हती. कचरूभाऊंनी विटांच्या मध्ये गोवऱ्या रचल्या, वर खापराचे तुकडे झाकले आणि कडेनं विस्तव घातला. आधी धूरच धूर. दोघं विटांशेजारी बसून राहिली. एकदा आतून फट्‌ असा आवाज आला, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

सकाळी राख उकरली. एक मणी फुटला होता आणि शेजारच्याला घेऊन गेला होता. बाकीचे तांबूस, कुठंकुठं काळ्या झाका आलेले, एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजणारे. सुतळीत ओवले तेव्हा माळ आईनं मोजून ठेवलेल्या मापाला थोडी आखूड पडली. कचरूभाऊ म्हणाले, पडू दे. गळ्याशी लागून बसेल.

माळ घेऊन तेच पुढे गेले. पांढरा शर्ट घालून, पूर्णिमाच्या गाडीतून. शर्मिला नेहमीच्या कंपनीच्या बसनं गेली. आल्यावर पाहते तर माळ खरंच गळ्याशी लागून बसली होती, आणि दगडातल्यासारखी ती बाई आता घरातल्यासारखी दिसत होती.

दालन भरलं. दीप लागला, भाषणं झाली, पाहुणे भिंतीपाशी आले. मोठे साहेब घड्याळ पाहून हसले आणि त्यांनी कौतुकानं विचारलं, हे काम कुणाचं? पूर्णिमा मराठी-इंग्रजीत सांगू लागली. कात्रजच्या एक बाई होत्या, या सोमवारी वारल्या. कल्पना, घडण, सगळं त्यांचं. मी पाटी लावायचं म्हटलं तेव्हा त्या थांब म्हणाल्या होत्या, काम पुरं होऊ दे. हे त्यांचे मिस्टर.

कचरूभाऊंनी हात जोडले. शर्मिला गर्दीत त्यांच्या अगदी समोर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नजर तिच्या डोक्यावरून पलीकडच्या कुंडीतल्या झाडावर नेऊन ठेवली, ठरलं होतं तसं. बायकोनं घालून दिलेला नियम ते तिच्या माघारी पाळत होते.

"ओह, सो सॅड," शेजारी उभा असलेला रोहन पुटपुटला. "आपण उगीच राजस्थान-राजस्थान करत होतो."

शर्मिलानं भिंतीकडे पाहिलं. कमान, किल्ल्या, घड्याळ, माळ. कुठंही काही राहिलं नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कचरूभाऊंनी कुंडीवरची नजर काढली. तिनं पूर्णिमाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि कार्ल्याच्या लेण्यात त्या गृहस्थांनी खांबांवरची अक्षरं वाचली होती तसं, गाव आधी घेऊन, सावकाश, मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कात्रजच्या कांताबाई कचरू हिवराळे. बालवाडीच्या सेविका. ही भिंत त्यांनी घडवली."

आणि जरा थांबून,

"ती माझी आई."