दारातली काळी पट्टी

सासूबाई टाइल्सच्या दुकानात आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. फरशी स्वयंपाकघराची बदलायची होती आणि स्वयंपाकघर त्यांचं होतं. सून लग्न होऊन आल्यापासून तिथे भाज्या चिरत होती, भांडी विसळत होती, पण शेगडीसमोर उभं राहायचा मान काही त्यांनी तिला मिळू दिला नव्हता. लेक बिचारा दोघींच्या मधे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा जन्मभर काठावर.

दुकानदाराने नमुने जमिनीवरच मांडले होते. सून सरळ एकावर जाऊन उभी राहिली. काळा चौकोन, पांढरा चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखा.

"हाच घ्यायचा," ती म्हणाली.

सासूबाईंनी पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. त्यांना काळे चौकोन दिसेनातच, पांढऱ्यात मधे मधे खोल खड्डे दिसत होते. गेलं वर्षभर डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. उजेडातलं कसंबसं दिसे, पण काळ्या वस्तूचा तळ लागत नसे. कुणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. कळलं असतं तर सुनेने दुसऱ्याच दिवशी शेगडीचा ताबा घेतला असता, वर 'आई, आता तुम्ही आराम करा' असं गोड बोलून. त्या आरामाची त्यांना मरणाहून धास्ती होती. म्हणून भाजीत मीठ दोनदा पडलं की हिनेच मधे हात घातला, आणि दूध उतू गेलं की हिच्या बडबडीमुळे, असं त्या सांगत. सुनेने ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्यातलं काहीही ती विसरली नव्हती.

"हा पट नको," सासूबाई म्हणाल्या. "रोज बघून डोकं गरगरेल."

"माझी पसंती म्हटली की तुमचं डोकं गरगरतंच, आई. पडदे आणले तेव्हाही गरगरलं होतं."

"पडदेही तसलेच होते."

"तिरके पट्टे बघू या का?" लेकाने विचारलं.

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

सासूबाईंनी सगळी पांढरी फरशी मागितली. सून म्हणाली, दवाखान्यात राहायला मी लग्न केलेलं नाही. मग दुकानदारानेच तोडगा काढला. मधे सगळं पांढरं आणि खोलीच्या कडेने रुंद काळी पट्टी. सासूबाईंनी विचार केला, भिंतीला घासून चालतंय कोण?

"हीच," त्या म्हणाल्या.

"मला नाही आवडली."

"मी जिवंत आहे तोवर माझ्या स्वयंपाकघरात माझीच फरशी. मी गेले की खुशाल उखडून टाक." हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. दुकानातली चार माणसं वळून बघू लागली आणि सून शरमेने लाल झाली.

"घ्या तुमची," ती हळू आवाजात म्हणाली. "नंतर माझ्याकडे कुरकुर करायची नाही."

काम चालू असेपर्यंत सासूबाई धुळीच्या भीतीने आपल्या खोलीत बसून होत्या. मिस्त्री गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी पदर खोचून, जिंकल्याच्या तोऱ्यात त्या स्वयंपाकघराशी आल्या आणि दारातच थबकल्या. पट्टी खोलीच्या कडेने फिरवायची म्हणजे ती दारातूनही जाणार, एवढी साधी गोष्ट भांडणाच्या भरात त्यांच्या लक्षात आली नव्हती. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत समोर काळा खंदक होता. ती फरशी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पायाला ते पटत नव्हतं.

आत सून शेगडीसमोर उभी राहून भाजी ढवळत होती.

"या ना, आई. तुमच्याच पसंतीची आहे."

सासूबाईंनी चौकट घट्ट धरली. ओढा ओलांडताना उचलावा तसा पाय उंच उचलला, अधांतरी धरला आणि परत घेतला. सुनेचा चेहरा त्यांना तेवढ्या अंतरावरून नीट दिसत नव्हता, पण पातेल्यातली पळी थांबलेली ऐकू आली.

"दुकानातही असाच पाय मागे घेतला होता तुम्ही," सून सावकाश म्हणाली. "दिसत नाही ना तुम्हाला?"

सासूबाईंनी चौकट सोडली नाही.

"आई, ते मीठ मी घातलं नव्हतं."

"नव्हतं घातलंस," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने पांढरा टॉवेल आणला, दारातल्या काळ्या पट्टीवर पसरला आणि सरकू नये म्हणून टोकावर पाय देऊन उभी राहिली. "या," ती म्हणाली, पण हात पुढे केला नाही. सासूबाई टॉवेलवरून आत आल्या आणि सवयीने शेगडीकडे वळल्या, पळी घ्यायला हात पुढे केला. तोवर सून झपकन जाऊन शेगडीसमोर उभी राहिली होती. तिने भिंतीजवळचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा. आता तुम्ही आराम करा."

सासूबाई बसल्या. सुनेने मटारच्या शेंगांची परात त्यांच्या मांडीवर आणून ठेवली.

"हे सोला," ती म्हणाली, "याला दिसावं लागत नाही."