संध्याकाळचं माप

"आमच्या पायवाल्यांच्या हातात जादू आहे," हॉस्पिटलचे सेक्रेटरीसाहेब हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणून तर म्हणतो, वर्कशॉपला दोन माणसं हवीत कशाला? हे एकटे पुरेत. ताईंना महिनाअखेर मोकळं करू."

रविवारची उपासना संपून चर्चच्या हॉलमध्ये चहा चालला होता. पायवाले म्हणजे मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर निवृत्त मास्तरीणबाई नव्या पायावर, काठीशिवाय, मुद्दाम इकडून तिकडे चालत होत्या. उपदेशातही पाळकसाहेबांनी त्या पायाची गोष्ट सांगितली होती. एकतीस वर्षांत कुणी शाबास म्हटलं नव्हतं; आज पायवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मान खाली घालून ते म्हणाले, "सगळा गौरव देवाला. मी कोण?"

उत्तर सगळ्यांना आवडलं. देवाला गौरव देऊन टाकायला काय लागतं? देव काही तिथे कोपऱ्यात कप विसळत उभा नव्हता. तिथे प्लास्टरवाली ताई उभी होती, वर्कशॉपमधला दुसरा माणूस. तिच्या पगारावर घर चालायचं, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. सेक्रेटरीसाहेबांचं बोलणं ऐकून तिचे हात थांबले होते.

आणि खरं सांगायचं तर तो पाय तिचा होता. पायवाल्यांनी माप घेतलं ते सकाळी, सवयीनं. मास्तरीणबाईंचा तुटका पाय दुपारनंतर सुजायचा आणि तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वरची खोबण मांसात रुतायची. बाई रडकुंडीला आल्या, पण पायवाल्यांनी ऐकलं नाही. शेवटी ताईनं संध्याकाळी, पाय सुजलेला असताना, प्लास्टरचा साचा पुन्हा घेतला आणि नवी खोबण बसवली. त्याबद्दल तिनं कुठे चकार शब्द काढला नाही.

मूग गिळून बसलं तर पायवाल्यांची निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं निर्धास्त होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आपण तिचं उचलून देवाला वाहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"साहेब, ते माप ताईंचं. माझं चुकलं होतं."

"बघा," सेक्रेटरीसाहेब हसले. "केवढा हा नम्रपणा. खरा ख्रिस्ती माणूस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं, खरं बोलून स्वारी हरभऱ्याच्या झाडावर आणखी वर. गंमत म्हणजे तिथेही गोड वाटत होतं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. ताईची नोकरी जाणार ती जाणारच होती, वर यांच्या नम्रतेचा डंका.

"नम्रपणा नाही," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "मास्तरीणबाई माझ्यासमोर रडल्या. मी त्यांना म्हटलं, सवय होईल, नखरे पुरे करा. आणि ताईंना म्हटलं, माझ्या कामात नाक खुपसू नका. त्यांनी ऐकलं नाही म्हणून बाई आज चालताहेत."

टाळ्या थांबल्या. सगळे मास्तरीणबाईंकडे पाहू लागले. त्या आयुष्यात कधी कुणाला फुकटचे मार्क देणाऱ्या नव्हत्या.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "दोनदा."

पायवाल्यांच्या आजूबाजूची माणसं हळूहळू दुसऱ्या टेबलाकडे सरकली. ताई जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, एवढं सांगायची काय गरज होती? आता तुमचं काय?"

"बघू," ते म्हणाले. "एकच माणूस ठेवायचा तर बरोबर माप घेणारा ठेवावा."

महिनाअखेर पायवाल्यांना मोकळं केलं, ताई राहिली. निरोप समारंभ झाला नाही. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मास्तरीणबाई उठून पुढे गेल्या. एकतीस वर्षं पायवाल्यांनी चालणाऱ्याचे फक्त पाय पाहिले होते. आज बाई परत वळल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बाईंचा चेहरा पाहिला. त्यावर दुखणं नव्हतं.