लाडकी खाली, मी माळ्यावर

मी बोलतोय. इकडे, वर. पण मान वर करून तोंड उघडं ठेवू नका, कात पडेल.

मी एक अजगर. अंगावर गालिच्यासारखी नक्षी, लांबीला घरमालकीण नोलीनच्या जेवणाच्या टेबलापेक्षा जास्त, आणि मुक्काम तिच्याच माळ्यावर. आम्हाला तुमच्यासारखे कान नाहीत. बोलणं फळीतून छातीत उतरतं. त्यामुळे या घरातली एकही चुगली मला चुकलेली नाही.

जन्म उसाच्या पाचटाच्या ढिगात. आई अंड्यांना वेटोळं घालून थरथरायची, थंडीनं नव्हे, आम्हाला ऊब मिळावी म्हणून. अंडी फुटली आणि ती निघून गेली. ना अंगडं, ना टोपडं. पहिला हिवाळा एका पडक्या पत्र्याखाली काढला, माझ्याच जाडीच्या फटीत. वर पत्रा, खाली माती, अंधार अंगाला घट्ट चिकटलेला. तोच माझा पाळणा.

शाळाही पाहिली. गावातल्या शाळेच्या माळ्यावर राहून निम्मा भूगोल शिकलो. मग एकदा नेम धरून मुख्याध्यापकांच्या टकलावर कात सोडली आणि पटावरून नाव कमी झालं. पोत्यात घालून मला नदीपार सोडलं. तिथून फिरतफिरत नोलीनकडे आलो.

नोलीन विधवा. तिनं मला नवऱ्याचंच नाव दिलं. “क्लाइव्हही असाच वर चढून बसायचा,” ती शेजारच्या मर्व्हला सांगायची, “आणि कामाच्या वेळी सापडायचा नाही.” रोज संध्याकाळी चहाचा कप विसळला की ती झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. टक् टक्. “क्लाइव्ह, आहेस का रे?” मी शेपूट आपटायचो. एवढाच आमचा संसार, पण कुणाची नजर लागेल असा.

लागलीच.

टॉफी आली. बुटाच्या नाडीएवढं पिल्लू, माझ्याच जातीचं. नोलीननं नवऱ्याचं बक्षिसांचं काचेचं कपाट रिकामं केलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध हिला त्यात ठेवलं. आत प्लास्टिकची झाडं, वर दिवा, चहूबाजूंनी उजेड. माझ्या उभ्या हयातीत मला कुणी साधी मेणबत्ती लावली नाही!

झाडू कोपऱ्यात गेला. टक् टक् बंद. दिवसभर नुसतं “टॉफी, बाळा, बघ ना गं इकडे.”

छताच्या झडपेला एक फट आहे. तिला डोळा लावून मी सगळं पाहिलं. बोलिंग क्लबच्या बाया केक खायला यायच्या आणि जाताना पिल्लू मनगटावर गुंडाळून बघायच्या. “अय्या, बांगडीच की गं!” आणि महाराणीसाठी बर्फात गोठवलेला गुलाबी उंदीर, कोमट पाण्यात शेकून, चिमट्यानं पेश! आम्हाला एका उंदरासाठी छपराच्या वळचणीला ताटकळत बसावं लागतं.

पण महाराणी खाईना. तोंड फिरवून कोपऱ्यात दबायची. उंदीर कचऱ्यात जायचा. कचऱ्यात! मला विचारलं असतं तर?

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. राहू दे उपाशी, म्हटलं. चार दिवसांची पाहुणी.

हळूहळू टॉफीच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला. मर्व्ह कपाटासमोर वाकून म्हणाला, “नोलीन, हिच्यापेक्षा माझ्या बुटाची नाडी धडधाकट आहे. अशानं मरेल गं ही.”

“मग काय करू? तूच सांग.”

“रविवारी मी तिचं तोंड उघडून धरतो, तू उंदीर ढकल आत.”

“घसा फाटला तर?”

“न खाऊन काय जगणार आहे?”

नोलीननं नाक शिंकरल्याचं फळीतून कळलं. मी मेल्यावर ही अशी रडेल का, हा विचार मला आला. राग आला, दुसरं काय येणार?

शनिवारी दुपारी ताजा उंदीर आत ठेवून ती क्लबला गेली. आता चोरायचाच, म्हटलं. झडप डोक्यानं उचलली आणि कपाटावर उतरलो. काच काही सरकेना. पण कपाटाचा माथा दिव्यामुळे असा उबदार, की भूक विसरून मी तिथंच पसरलो. निम्मा वर, निम्मा काचेवरून लोंबत. हिवाळ्याचे दिवस, म्हातारी हाडं.

माझ्या अंगाखाली दिवा झाकला गेला आणि कपाटात अंधार झाला. मग पोटाला हलकासा हादरा जाणवला. कार्टी त्या मेलेल्या उंदराला वेटोळं घालून पुन्हा मारत होती! हसू आवरेना. मग पत्र्याखालची ती फट आठवली, आणि हसू कुठं गेलं कळलं नाही.

दार उघडलं. नोलीन किंचाळली, “क्लाइव्ह! मेल्या, गिळलीस माझ्या लेकीला?”

ओरडा ऐकून आलेल्या मर्व्हनं झाडूनं मला बाजूला केलं आणि काचेला नाक लावलं. “अगं, रडू नकोस! पोट बघ तिचं. खाल्लंय! या ढेरपोट्यानं अंधार केला म्हणून खाल्लंय. आपण बिचारीला भर बाजारात जेवायला बसवलं होतं.”

मग जिच्याकडून पिल्लू आणलं त्या बाईला फोन झाला. तिनं नोलीनला चांगली धुतली. आता टॉफी भोकं पाडलेल्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात असते. डब्याचं एक टोक उबदार, एक गार, दोन्हीकडे दडायला पुठ्ठ्याची नळी, पाण्याची वाटी. उंदीर तिच्याच जाडीचा, आठवड्यातून एकदा. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि जंगली अजगराच्या अंगावर किडी असतात म्हणे, तेव्हा मी परत माळ्यावर आणि झडपेवर वीट. हे माझं बक्षीस!

तुम्हीही पिल्लू आणणार असाल तर आणा बापडे. त्याला आधी लपायला जागा द्या, मग मिरवा. आणि माळ्यावर कुणी जुना असेल तर त्याचीही चौकशी ठेवा.

काल संध्याकाळी अचानक टक् टक्. “क्लाइव्ह, आज पुन्हा खाल्लं रे तिनं.”

तिनं! म्हणजे बातमीही तिचीच. मी शेपूट आवरून धरलं.

टक् टक्. “क्लाइव्ह? आहेस ना रे?”

भोग, म्हटलं, थोडं तूही भोग. मग खुर्ची ओढल्याचा हादरा आला. वेडी मला बघायला वर चढायला निघाली होती, आपला दुखरा गुडघा घेऊन!

मी शेपूट असं आपटलं की वीट हलली.