आतल्या खिशातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. रंग करडा, माप मधलं, आणि काखेत एक वास, जो कितीही धुतला तरी जात नाही. चोवीस मुली मला घालून नोकरीच्या मुलाखतींना गेल्या. भीतीने सुटलेला घाम उन्हातल्या घामासारखा धुण्यात निघत नाही, हे मला त्यांनी शिकवलं.

माझा जन्म एका शिंप्याच्या मशीनवर झाला. त्याची मुलगी वसतिगृहात राहून रक्त तपासण्याचं शिक्षण घेत होती. पुढे सगळ्या मुली तिला ताई म्हणू लागल्या, म्हणून मीही ताईच म्हणतो. शिंप्याने मला उरलेल्या कापडांतून शिवलं. छाती एका ताग्याची, पाठ दुसऱ्याची.

"बाबा, पाठ फिकी दिसतेय," ताई म्हणाली.

"मुलाखत घेणारे समोर बसतात," शिंपी सुई दातात धरून म्हणाला. "पाठ फिरवायची वेळ येऊ देऊ नकोस, म्हणजे झालं."

ताईवर ती वेळ आली नाही. वरच्या वर्गातल्या एका मुलीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की शहरातल्या मोठ्या लॅबच्या मुख्य बाई गुणपत्रिका बघतच नाहीत. बाळाची शीर एका टोचण्यात सापडते का, एवढंच बघतात. ताईने दोन महिने मुलांच्या दवाखान्यात जाऊन हात बसवला आणि नोकरी मिळवली. वसतिगृह सोडताना तिने मला दारामागच्या खिळ्याला लावलं आणि आतल्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत लॅबच्या बाईंचं नाव होतं, फोन नंबर होता आणि ती बाळाच्या शिरेची गोष्ट. मग तिने मुलींना बजावलं.

"जिला कोट लागेल तिने घालावा. पण चिठ्ठीतल्या माणसाकडे जायच्या आधी चिठ्ठी लिहिणारीला विचारायचं. ती शब्द टाकेल, मगच जायचं. नोकरी मिळो ना मिळो, तिला येऊन सांगायचं. आणि कोट परत लावताना आपली एक चिठ्ठी ठेवायची."

याला वशिला म्हणू नका, मला राग येतो. वशिल्याने काम न येणाराही खुर्चीवर बसतो. माझ्या खिशात फक्त दार कोणतं आणि ते कसं ठोठावायचं एवढंच असायचं, आत गेल्यावर सुई ज्याची त्यानेच धरायची. 'या डॉक्टरांपुढे फार बोलू नकोस, काचपट्टी स्वच्छ दिसली की ते खूश.' 'हे काका खडूस दिसतात, आधी त्यांचा चहा होऊ दे.' अशा चिठ्ठ्या साठत साठत एकवीस झाल्या. नव्या मुली आल्या की माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं जायचं, हाच तो कोट. मी किती भाव खाल्ला असेल, कल्पना करा. खिळ्याला लटकूनही माझी मान ताठ असायची.

ती मान एका दुपारी मोडली.

त्या वर्षी खोलीत दोघी होत्या. एक कुणालाही बोलण्यात हरवायची, तिचं नाव पडलं होतं वकील. दुसरी धाकटी. धाकटीला आईवडील नव्हते, मामाने वाढवलं होतं. निकालानंतर वसतिगृहात एकच महिना राहता येतं. त्या महिन्यात नोकरी मिळाली नाही तर तिला मामाच्या दुकानात परत जायचं होतं, आणि त्या गावात रक्त तपासायची सोयच नव्हती. मामीने तिच्या खाटेवर पोती रचून ठेवली होती, हे तिला धाकट्या मामेभावाने फोनवर सांगितलं होतं.

धाकटीने सगळं रीतीने केलं. ताई तेव्हा दुसऱ्या गावी राहायला गेली होती. तिला फोन करून विचारलं. ताई म्हणाली, "जा, खुशाल माझं नाव सांग. बाईंच्या कानावर घालते मी." मग धाकटी रोज सकाळी मुलांच्या दवाखान्यात जाऊ लागली. परत आली की माझ्या बाहीवरून हात फिरवायची. मला ती आवडायची, उघडच सांगतो.

त्या दुपारी वकिलीणबाईंनी माझा खिसा रिकामा केला, चिठ्ठ्या पलंगावर मांडल्या आणि मोबाईलवर एकेकीचा फोटो काढला. खोटं का बोलू, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आपल्या चिठ्ठ्यांचे फोटो निघतायत म्हणून मी खूश होतो.

"अगं, आधी विचारायचं असतं ना?" धाकटी म्हणाली.

"एकवीस जणींना विचारत बसले तर केस पिकतील माझे. एकच मजकूर लिहिते, सगळ्यांना पाठवते. एक तरी लागेलच की."

मजकूर होता, 'आदरणीय मॅडम, ताईंनी आपलं नाव सुचवलं आहे. आपल्या हाताखाली काम करण्यास मी उत्सुक आहे.' तो एकवीस जणांना जसाच्या तसा गेला, खाली स्वतःचं नावही न घालता. त्यांतले सहा पुरुष होते. बहुतेकांना ताई कोण हेही माहीत नव्हतं. आणि रक्त तपासणाऱ्यांचं जग ते केवढंसं, सगळे एकमेकांच्या रोजच्या बोलण्यातले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो मजकूर एकमेकांना दाखवलाही होता.

चार दिवसांनी धाकटी मला घालून लॅबमध्ये गेली. आतला खिसा बरोबर तिच्या काळजावर येत होता, त्यामुळे तिची धडधड मला चिठ्ठ्यांमधूनही कळत होती. बाहेरच्या बाकावर बसून ती माझ्या उजव्या बाहीचं बटण पिळत राहिली. शेवटी ते निघून तिच्या मुठीत आलं.

"कुणी पाठवलं?" बाईंनी विचारलं.

"ताईंनी. मी त्यांना आधी फोन करून..."

बाईंनी मोबाईल तिच्यापुढे सरकवला. "हे वाच."

धाकटीने वाचलं. "हे मी नाही पाठवलं, मॅडम."

"नसशील. मग कुणी पाठवलं?"

धाकटीला ठाऊक होतं. नाव न घेता तिने मोबाईल परत बाईंकडे सरकवला.

"हे बघ, निवाडा करायला मला वेळ नाही. मी ताईला फोन केला होता. हे तुझं की आणखी कुणाचं, तिलाही सांगता येईना. तिलाच इतकं ओशाळल्यासारखं झालं, की म्हणाली, यापुढे माझं नाव घेऊन कुणी आलं तर उभं करू नका."

"एकदा माझा हात बघता का? बाळाची शीर मला एका टोचण्यात..."

"कागद ठेवून जा," बाई म्हणाल्या.

तिचा हात त्यांनी पाहिलाच नाही. धाकटी उठली आणि वळली, तेव्हा माझी फिकी पाठ बाईंना नक्की दिसली असणार. शिंप्याचं बोलणं मला आठवलं आणि मला फाटून जावंसं वाटलं.

वकील मात्र तरली. एकविसांपैकी एका डॉक्टरांना घाईने माणूस हवं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून बोलावलं. ती काही दुष्ट नव्हती. सामान भरता भरता तिने धाकटीला विचारलं, "तुझ्याही नंबरवरून पाठवू का? मजकूर तयारच आहे."

"नको," धाकटी म्हणाली.

वकिलीणबाईंनी खिशात चिठ्ठी ठेवली नाही, घाईत राहून गेली. महिना संपला तेव्हा धाकटीने एका पिशवीत कपडे भरले. मग सुईदोरा काढून खिडकीपाशी बसली आणि मला मांडीवर घेतलं. बराच वेळ शिवत होती. शेवटी वहीचा एक कागद फाडून काहीतरी लिहिलं, खिशात ठेवलं, मला खिळ्याला लावलं आणि बसस्टँडकडे गेली.

त्यानंतर दोन मुलींनी मला घातलं. "त्या वसतिगृहातली का?" एवढं विचारून दोघींनाही दारातूनच परत पाठवलं. मग कुणी माझ्याकडे फिरकेना. रेक्टरबाईंनी खोल्या झाडायला काढल्या तेव्हा माझा खिसा उलटा केला. एकवीस चिठ्ठ्या त्यांनी केराच्या टोपलीत टाकल्या. बाविसावी उलगडून मोठ्याने वाचली.

'माझ्याकडे पुढच्या मुलीला द्यायला कुणाचं नाव नाही. उजव्या बाहीचं बटण निघालं होतं, ते पक्कं लावलंय.'

 मग ती चिठ्ठी घडी करून त्यांनी परत खिशात ठेवली. आता मी त्यांच्या कपाटात, जुन्या चादरींखाली असतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही नोकरी शोधायला निघाल. कुणीतरी विश्वासाने आपल्या माणसाचं नाव तुमच्या हातात ठेवील. ते नाव वापरण्याआधी विचारा, आणि काम झालं की नाही ते परत येऊन सांगा. तुमच्या मागे कोण उभी आहे, हे पाठमोरं असताना दिसत नाही.

माझं अस्तर उसवलं आहे, कॉलर विरली आहे, चारांतली तीन बटणं लोंबतात. उजव्या बाहीचं बटण मात्र ओढून पाहा, अजून जागचं हलत नाही.